मोजणीचे पाहुणे

नांजोका नदीनं पूल नेला तो मार्चात. पाहुण्यानं निघताना दारातली छत्री उचलून न्यावी इतक्या सहज नेला. वर डोंगरात पाऊस झाला होता. सकाळी काफुलू गावची माणसं काठावर जाऊन बघतात तर दोन्हीकडचे दगडी खांब उभे आणि मधलं लाकूड नाहीसं. गावानं काठावर उभं राहून च्च च्च केलं आणि गाव भुईमूग उपटायला निघून गेलं. नदीशी भांडायला पुढं सगळा उन्हाळा होता. भुईमूग मात्र थांबत नाही.

पूल गेला तशी मटोलाही गेली. मटोला म्हणजे मागून उघडी मालगाडी. तीत मक्याची पोती, कोंबड्या, माणसं, ज्याला जशी जागा मिळेल तशी. पूर्वी ती गावाबाहेरच्या आंब्याखाली येऊन भोंगा वाजवायची. कधी ठरल्या दिवशी, कधी दुसऱ्या. आता ती नदीपलीकडच्या हमरस्त्यावरूनच निघून जायची. ज्यांना जाणं भागच होतं ते नदीच्या कडेकडेनं पाणथळीतली पायवाट धरायचे आणि दुपारपर्यंत चालून, जिथं नदी पसरट होते तिथं पाण्यातून पार व्हायचे. पायवाट उंच गवतातून जायची. रस्त्यावरून कोणाला दिसायची नाही.

एनेलेसीला ही पायवाट पूल जाण्याच्या आधीपासून पाठ होती. तिची लेक झिओने हीच वाट वापरायची.

शेतात झिओने नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला काम करायची. कोणी सांगितलं नव्हतं, तिची तीच ठरवायची. सकाळी बांधावर उभी राहून गालावर वारा घ्यायची आणि मग आपली ओळ धरायची. भुईमुगाचा वेल मुळाशी धरून हिसका द्यायचा, माती झटकायची, शेंगा वर करून पसरायचा. तिचा हात आईपेक्षा चपळ होता. मध्येच ती थांबायची, झाडीत जायची, मांड्यांमधली कापडाची घडी बदलायची, ओली घडी पानात गुंडाळून टोपलीत ठेवायची आणि पुन्हा ओळीला लागायची.

तीन वर्षांपूर्वी बाळंतपणात ती अडली होती. मटोला येईल म्हणून एक आख्खा दिवस आंब्याखाली चटईवर पडून राहिली. गाडी आली ती दुसऱ्या दिवशी ऊन कलताना. तोवर बाळ आतच गेलं होतं. झिओने वाचली, पण आत कुठंतरी जे फाटलं ते फाटलंच. तेव्हापासून लघवी गळायची. चालताना, बसताना, झोपेत, तिला न विचारता. नवरा एक पावसाळा राहिला आणि मग सायकलीला कुदळ बांधून आपल्या आईच्या गावी निघून गेला. काफुलूत नवरेच बायकोच्या गावी नांदायला येतात. त्यामुळं सोडून जायचं तर सामान त्यांनाच बांधावं लागतं, तेवढं एक बरं.

असली फाट शिवणारा डॉक्टर जिल्ह्याच्या गावी, बोमाच्या इस्पितळात, पावसाळा सरला की आठवडाभर यायचा. पहिल्या दोन दिवसांत नावं घ्यायचा आणि मग शिवत बसायचा. गेल्या वर्षी मायलेकी निघाल्या होत्या. मटोलात शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला, मग दुसरीनं, मग ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. चालत पोचेपर्यंत नावं घेऊन झाली होती. नर्स चांगली होती. पुढच्या वर्षी या म्हणाली, आणि साबणाची वडी दिली.

यंदा ईस्टरनंतरच्या सोमवारी डॉक्टर येणार, असं आरोग्यसेवक सायकलवरून सांगून गेला. एनेलेसीनं त्या दिवसापासून दोन जुनी लुगडी फाडून घड्या करायला घेतल्या.

*

मोजणीची बातमी आणली बिझिवेकनं. बिझिवेक एनेलेसीचा थोरला भाऊ आणि गावचा प्रमुख. त्या मुलखात घराचा कर्ता बाप नसतो, मामा असतो. बहिणींचं आणि भाचरांचं जे काही बोलायचं, लग्न, भांडण, मयत, ते त्यानंच बोलायचं. आणि काफुलूतली निम्मी माणसं एकाच आजीच्या पोटची, म्हणून सगळं गाव त्याला मामाच म्हणायचं. एनेलेसीचा नवरा केफासी गरीब माणूस. मेहुणा अंगणात आला की तो उठून शेळ्यांकडं बघायला जायचा, शेळ्या समोरच बांधलेल्या असल्या तरी.

मामा तपकिरी कोट घालून आला होता, म्हणजे काम सरकारी होतं. जिल्हा समिती एक बस देणार होती. एकच. ती एकतर डोंगराकडच्या रस्त्यानं जाईल नाहीतर काफुलूच्या रस्त्यानं, आणि ज्या रस्त्याला बस त्या रस्त्याची डागडुजी आधी, पुलासकट. कुठून किती माणसं जातात-येतात, कशाला जातात, ते बघायला शहरातून माणसं येणार होती. तीन दिवस राहणार होती.

एनेलेसीच्या हातातली घडी तशीच राहिली. पूल. बस. ठरल्या वेळी येणारी, चढायला पायरी असलेली.

मामानं गावाला एकत्र करून ताकीद दिली. शहरातून पाहुणे येणार आणि गाव ओस पडलेलं, असं चालणार नाही. त्या तीन दिवसांत कोणीही गाव सोडायचं नाही. अंगणं झाडायची, चटया धुवायच्या. बाजाराला भुईमूग न्यायला टोपल्या भरून बसलेल्या बायकांना टोपल्या उतरवायला सांगितल्या. मक्याचं पीठ दळून आणायला निघालेल्यांना उखळात कुटा म्हणून सांगितलं. म्हाताऱ्या नासिबेकोची दाढ सुजली होती आणि ती पलीकडच्या दवाखान्यात निघाली होती. तिला तोंड मिटून हसायला सांगितलं. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. एनेलेसीलाही नाही. पाहुणा दारात असताना पाठ फिरवून जाणारं गाव कसलं गाव.

आली ती एकच मुलगी. तिचं नाव उपिले. तिचा जोडीदार डोंगराकडच्या रस्त्यावर बसला होता. उपिलेनं आंब्याखाली छत्री उघडली, हातात फोन घेतला आणि रस्त्याकडं बघत बसली. ती बसली म्हणून गावही येऊन बसलं. बायकांनी गुडघे टेकून, तळवे वाजवून विचारपूस केली. पहिल्या दिवशी कोंबडी कापली, दुसऱ्या दिवशी मासे आणवले. उपिले अधूनमधून विचारायची, आज कोणी कुठं जाणार आहे का. सगळे हसायचे. तू इथं असताना कुठं जाणार पोरी, असं म्हणायचे. तीही हसायची आणि फोनवर बोट टेकवायची. ती सरोवराकाठच्या खेड्यातलीच होती, तिच्या आजीनंही पाहुण्यासाठी हेच केलं असतं. पण मोजायला बसलेल्या माणसाला रस्ता दिसतो. रस्ता रिकामा होता.

तिसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली. मामा कोट घालून तिच्यासोबत. एनेलेसीच्या अंगणातली एकुलती खुर्ची त्याला दिली, उपिलेला स्टूल दिलं, आणि एनेलेसी चटईवर बसून शेंगा फोडू लागली. केफासी शेळ्यांकडं गेला. झिओने घरामागं, मक्याच्या कणगीच्या सावलीत बसली होती. वारा तिच्याकडून शेताकडं वाहत होता, हे एनेलेसीनं आधीच बघून ठेवलं होतं.

प्रश्न पुष्कळ होते आणि उत्तरं मामा देत होता. शेत किती, शेळ्या किती, बाजाराला कोण जातं. गरज पडली तर जातो, नाहीतर देवानं इथंच सगळं दिलंय. मग उपिलेनं फोनवर बोट सरकवलं.

“घरात कोणी आजारी आहे का? दवाखान्यात जावं लागतं असं?”

“कोणी नाही,” मामा म्हणाला. “लिहा, सगळे ठणठणीत.”

उपिलेनं एनेलेसीकडं पाहिलं. “मावशी?”

परक्यासमोर घरातलं दुखणं काढू नये, हे एनेलेसी चालायला शिकली तेव्हाच शिकली होती. दुखण्याचं नाव उघड्यावर घेतलं की ऐकणारे कान चांगलेच असतील असं नाही. आणि भाऊ बोलल्यावर बहिणीनं वेगळं बोलायचं, हे तर तिनं पाहिलंच नव्हतं. तिनं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. उपिलेनं ते मामाच्या म्हणण्याला होय धरलं.

घरामागून शेंगा फोडल्याचा कट कट आवाज येत होता. तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

दिवस मावळताना मायलेकी पानांची भाजी चिरत बसल्या होत्या. झिओनेनं एक जुडी संपवली. मग म्हणाली, “आई, मी ठणठणीत आहे हे मला आधी सांगायचंस ना. उगाच सकाळपासून धुणी धुतली.”

एनेलेसीला हसू आलं. तिनं भाजी आणखी बारीक चिरली.

*

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात उपिले मोटरसायकलवर मागं बसून आली. नदीपर्यंतच. पुढं पायवाटेनं चालत. आंब्याखाली गाव जमलं. तिनं उभं राहून सांगितलं की आकडे पाठवले गेले आणि बस डोंगराकडच्या रस्त्याला देण्याचं ठरत आलंय. तिकडून रोज माणसं जातात. काफुलूतून तीन दिवसांत कोणी बाहेर पडलं नाही. घरोघरही तेच सांगितलं गेलं. इथल्या लोकांना प्रवासाची गरज नाही, असं कागदावर आलंय.

मामा खुर्चीतून अर्धा उठला. “पण पोरी, तू आलीस म्हणून आम्ही गेलो नाही.”

“मामा, मी तेच मोजायला आले होते.”

गाव आधी हसलं. मागच्या ओळींतून हसू आलं आणि पुढं येता येता विरलं. नासिबेकोनं गालावर हात ठेवला. दाढ तिनं शेवटी सुताराकडून पक्कडीनं काढून घेतली होती, गाल अजून सुजलेला होता. मामा खाली बसला. तो जागच्या जागी लहान झाल्यासारखा एनेलेसीला वाटला, आणि तिला त्याची दया आली. तिला आपलीही आली.

कोणीतरी म्हणालं, मग आता जाऊ की. उद्याच सगळं गाव रस्त्यानं चालत जाऊ, टोपल्या घेऊन, हवं तेवढं मोज. मामाला ते पटलं. त्यानं तिथंच माणसं वाटायला सुरुवात केली, सकाळी कोण, दुपारी कोण. उपिलेनं मान हलवली. मिरवणूक मोजता येत नाही, म्हणाली. महिनाअखेरपर्यंत समिती आणखी माहिती घेईल, पण खऱ्या प्रवासाची. कोणीतरी खरोखरच निघणार असेल तर ती फोन घेऊन दारापासून सोबत चालेल. फोन वाट आखत जातो. कुठं थांबलात, का थांबलात, विचारत जातो. कशासाठी निघालात तेही विचारतो.

कशासाठी, म्हटल्यावर गाव आपापल्या पायांकडं बघू लागलं. बाजाराला जाणाऱ्यांचा बाजार होऊन गेला होता. बाकी ज्या कारणांसाठी माणसं गवतातून वाट काढत जायची, ती आंब्याखाली उभं राहून सांगायची नव्हती.

एनेलेसी शेतातून तशीच आली होती, हातात वेल होता, त्याची माती केव्हाच झडून गेली होती. तो ती अजून झटकत होती.

“सोमवारी आम्ही निघणार आहोत,” ती म्हणाली.

माना वळल्या. मामानं तिच्याकडं पाहिलं. तिला कुठं जायचंय ते त्याला ठाऊक होतं. त्यानं तिच्यासाठी बरी वाट उघडून दिली. “भुईमूग विकायला,” तो म्हणाला.

“नाही, दादा. दवाखान्यात.”

मामा उठला. सभा संपली म्हणाला. घरातलं घरात.

एनेलेसी घरी आली. केफासी अंगणात होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो सालीचा दोर वळायला बसला, जाड आणि लांब, पाण्यातून जाताना धरायला असतो तसा.

उपिले मागोमाग आली. घराला वळसा घालून सरळ मागच्या अंगाला गेली आणि दोरीवर वाळत घातलेल्या घड्यांसमोर उभी राहिली. घड्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होत्या.  झिओने कणगीपाशी बसली होती, उपिले तिच्या शेजारी जाऊन जमिनीवर बसली. वाऱ्याच्या खालच्या अंगाला. झिओने सरकली, तर तीही सरकली.

“माझं नाव येणार त्यात?” झिओनेनं विचारलं.

“नाव नाही. बाई, वय, कशासाठी, कुठं थांबली, का थांबली.”

झिओनेनं शेंग फोडली, दाणे तिच्या हातावर ठेवले. “थांबायची कारणं पुष्कळ आहेत माझ्याकडं,” ती म्हणाली. “तुझा फोन दमेल.”

*

सोमवारी झुंजुमुंजू असताना तिघी निघाल्या. एनेलेसीच्या डोक्यावर चटई आणि भांडं, झिओनेच्या डोक्यावर घड्यांचं गाठोडं, उपिलेच्या हातात फोन. केफासी पाणथळीच्या तोंडापर्यंत आला, दोराचं वेटोळं बायकोच्या खांद्यावर ठेवलं आणि परत फिरला. भुईमूग अजून अर्धा शेतात होता.

गवत दवानं ओलं होतं. वाट एकामागं एक चालण्याइतकीच. झिओने सगळ्यात मागं राहिली आणि एनेलेसीनं तिला पुढं घ्यायचं सोडून दिलं. ठरावीक वेळानं झिओने गवतात शिरायची. मग फोन टिंग करायचा. उपिले त्याच्याकडं बघायची आणि तिच्या कपाळाला आठी पडायची. तिसऱ्यांदा झालं तेव्हा एनेलेसीनं विचारलं, काय म्हणतंय ते यंत्र. थांबायचं कारण विचारतंय, उपिले म्हणाली. माल चढवणं, माल उतरवणं, गाडी बिघडणं, जेवण, इतर. गवतातून झिओनेचा आवाज आला, माल उतरवणं लिही. उपिलेनं इतर लिहिलं. पण ती हसली, आणि झिओनेही हसली. एनेलेसीनं लेकीचं हसणं वर्षभरात ऐकलं नव्हतं, ती तशीच पुढं चालत राहिली.

उन्हं वर आली. उपिलेच्या बुटांनी तिच्या टाचा सोलल्या, तिनं बूट काढून गळ्यात अडकवले. दुपारी नदीचा पसरट भाग आला. पाणी उतरलेलं असेल अशी एनेलेसीची अटकळ होती. पाणी उतरलेलं नव्हतं.

काठावरच्या दगडावर मामा बसला होता. तपकिरी कोट घालून. अंधारातच निघाला असावा, पायांवर चिखल वाळून पांढरा झाला होता. तो उठला. एनेलेसीच्या खांद्यावरचा दोर घेतला, एक टोक अलीकडच्या झाडाला बांधलं, दुसरं कमरेला बांधून पलीकडं गेला, तिकडं बांधून आला. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं. मग तो झिओनेसमोर पाठ करून वाकला.

“बस पाठीवर.”

झिओने हलली नाही. “मामा, कोट खराब होईल.”

“नदी काय कोरडी आहे?”

ती बसली. लहानपणी त्यानं तिला असंच पाठीवर घेऊन लग्नांना, मयतांना नेलं होतं. गेली तीन वर्षं तो तिच्या अंगणात खुर्चीवर बसायचा, पण खुर्ची तो कुठं ठेवायला सांगतो हे एनेलेसीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. आता तो पाण्यात एकेक पाऊल चाचपत जात होता आणि झिओनेनं त्याच्या गळ्याभोवती हात घातले होते, तोंड दुसरीकडं वळवून. मागून एनेलेसी आणि उपिले दोर धरून. उपिलेनं फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून दातांत धरला होता.

पलीकडं चौघं बाहेर आली ती डोक्यापासून पायापर्यंत ओली. कोण कशानं ओलं, हे आता कोणालाच ओळखता आलं नसतं. एनेलेसीला वाटलं, बोमापर्यंत अशी नदीच असती तर किती बरं झालं असतं.

*

हमरस्त्यावर मिनीबस मिळाली. कंडक्टर तोंडाळ होता. नदी घरी ठेवून यायची होती म्हणाला, पण खताची रिकामी पोती सीटवर टाकून त्यानं तिघींना मागं बसवलं. मामाला कोटामुळं पुढं ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. झिओने खिडकीपाशी बसली, काच पूर्ण सरकवून. उघड्या मटोलात नाही तर सीटवर बसून जायची तिची ही पहिलीच वेळ. तिनं सीटच्या कडेला हळूच हात फिरवला.

ऊन कडक होतं आणि वारा भरपूर. उपिलेचा शर्ट वाळला. एनेलेसीचं लुगडं वाळलं. पुढं मामाचा कोट खांद्यावर फिका पडत चालला. झिओने वाळली नाही.

पुढच्या सीटवरच्या बाईनं मांडीवरचं लेकरू या हातातून त्या हातात घेतलं. मग नाक चोळलं. मग मागं वळून पाहिलं. कंडक्टरनं वर पाहिलं आणि हवेत मान फिरवली. एनेलेसीनं गाठोडं छातीशी धरलं आणि वाट बघू लागली. या वेळी तिनं मनातल्या मनात वाक्यही तयार ठेवलं होतं, आमच्या सगळ्यांचे पैसे दिलेत, असं. ते बोलायची वेळ आली नाही. कंडक्टर तोंड उघडायच्या आतच झिओने उठून उभी राहिली. सवयीनं.

“इथंच थांबवा,” ती म्हणाली.

गाडी थांबली. कंडक्टर वाईट माणूस नव्हता. खाली उतरून गाठोडं घेताना तो एनेलेसीला हळू आवाजात म्हणाला, लोक गाडी सोडतात, मावशी, मी काय करू. उपिले उतरली. मामा पुढच्या सीटवर सरळ बसला होता, रस्त्याकडं बघत. ड्रायव्हरनं त्याला सांगितलं की तुम्ही बसा, बोमा तासाभरात येईल. मामानं मागं वळून पाहिलं. भरलेली गाडी त्याच्याकडं बघत होती. त्यानं दाराची कडी चाचपली, ती त्याला सापडेना, ड्रायव्हरनं हात लांब करून उघडून दिली.

गाडी गेल्यावर धूळ खाली बसायला वेळ लागला. फोननं टिंग केलं. उपिलेनं त्याच्याकडं पाहिलं आणि तो पोटाशी धरला.

“काय विचारतोय?” मामा म्हणाला.

“गाडीतून का उतरलात म्हणून.”

“काय काय लिहिता येतं?”

तिनं वाचून दाखवलं. मुक्काम आला, गाडी बदलायची आहे, गाडी बिघडली, भाडं परवडत नाही, इतर. मामा ऐकत राहिला. त्यानं कोटाची बटणं लावली, जणू आंब्याखाली उभा आहे.

“लिही,” तो म्हणाला. “घरात आजारी कोणी, तर आहे. माझी भाची. बाळंतपणात गाडी वेळेवर आली नाही, म्हणून आत फाटली. आता वास येतो म्हणून गाडीतून उतरवली.” तो थांबला.  “आणि ते आधीचं खोड. ठणठणीत लिहिलंस ते.”

“ते खोडता येत नाही, मामा. त्याच्या वर दुसरं लिहिता येतं.”

“मग वर लिही.”

उपिले रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून लिहू लागली. झिओने पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलले, एकदाच. एनेलेसीनं तिच्या डोक्यावर गाठोडं ठेवलं, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही. मग चौघं चालू लागली. या वेळी झिओने मागं राहू लागली तेव्हा मामाही चाल मंद करत गेला, आणि शेवटी ती दोघं सगळ्यांच्या मागून बरोबरीनं चालली.

*

दिवेलागणीला ती इस्पितळाच्या आवारात शिरली. रुग्णांच्या माणसांसाठी पत्र्याची शेड होती. चुलीपाशी बायका मक्याच्या पिठाचं घट्ट न्सिमा ढवळत होत्या. एकीनं सरकून जागा दिली, दुसरीनं विस्तव दिला. कोणी नाकाला पदर लावला नाही.

सकाळी उजाडल्यावर झिओनेला कळलं ते का. शेडमागं दोऱ्या बांधल्या होत्या, या झाडापासून त्या झाडापर्यंत, एकाखाली एक, आणि सगळ्यांवर घड्या. फुलांच्या, पट्ट्यांच्या, विटक्या, धुऊन धुऊन जाळी झालेल्या. तिच्या घरामागं असायच्या तशाच. ती दोऱ्यांमधून हळूहळू चालत गेली, एखाद्या बाजारात शिरावं तशी.

“एवढ्या जणी कुठून आल्या?” तिनं विचारलं.

कोणी नदीपलीकडून, कोणी डोंगरामागून, एक जण तर उसाच्या मळ्यांपलीकडून. कशा आल्या, विचारल्यावर सगळ्या एकच बोलल्या, चालत. काफुलूची वाट तर एकीला ठाऊकच होती. त्या गवतातल्या वाटेनं तीही आली होती, दोन दिवस आधी, पहाटे. उपिले तिच्याशेजारी बसली आणि तिनं फोन बाजूला ठेवून आधी नुसतं ऐकलं. मग विचारलं, लिहू का.

नर्सनं नावं घ्यायला सुरुवात केली. गेल्या वर्षीचीच नर्स होती, तिनं झिओनेला ओळखलं. काफुलू, ती स्वतःच म्हणाली आणि लिहिलं. शुक्रवारी शिवायचं ठरलं. नर्सनं तपासायला आत बोलावलं तेव्हा झिओने दारात थांबून मागं वळली. उपिलेच्या हातातला फोन टिंग करत होता.

“आता काय म्हणतोय?”

“प्रवास संपला का, विचारतोय.”

“नाही म्हण,” झिओने म्हणाली. “परतीचं राहिलंय. जाताना मी शेवटपर्यंत गाडीत बसून जाणार आहे.”

ती आत गेली. एनेलेसी पायरीवर बसली. हातांना काम नव्हतं, म्हणून तिनं आजूबाजूला पाहिलं. मामा शेडच्या भिंतीला टेकून उघड्या अंगानं झोपला होता. म्हाताऱ्या छातीवरचे पांढरे केस तिला पहिल्यांदाच दिसले. त्याचा तपकिरी कोट कोणी धुतला होता देव जाणे. तो मागच्या दोरीवर बायकांच्या घड्यांच्या मधोमध वाळत होता, बाह्या पसरून, आणि त्याच्यातून टपटप पाणी गळत होतं.